सांडपाण्यावरचं शेवाळ : घाण पाण्यातून मोलाच्या वस्तू खरंच निघतात का?



मागच्या पालकसभेनंतर एक पालक मागे थांबले. त्यांचा मुलगा माझ्या पाचवीच्या वर्गात आहे. घरी चार जनावरं, दारात गोबरगॅस आणि थोडी शेती. त्यांनी मोबाईल पुढे केला आणि एक व्हिडिओ दाखवला. "मॅडम, हे बघा. शेवाळ पिकवा, घरबसल्या कमवा म्हणतेत. आपल्या गोबरगॅसच्या स्लरीवर येतं म्हणे. माल कंपनीच परत घेणार. फक्त सुरुवातीला पैसे भरायचेत. तुम्ही इज्ञान शिकवता, खरं हाय का तेवढं सांगा."

खरं सांगायचं तर मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. डी.एड.ला असताना शेवाळ म्हणजे 'खोड, मूळ, पान नसलेली वनस्पती' एवढ्यावर आमचं भागलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, आठ दिवस थांबा. तोवर एक रुपया भरू नका." त्या आठ दिवसांत जे वाचलं आणि नंतर वर्गात मुलांबरोबर जे करून पाहिलं, ते या लेखात देते आहे. असे व्हिडिओ तुमच्याही गावात फिरत असतील.

शेवाळ म्हणजे नेमकं काय?

हौदाच्या कडेला बुळबुळीत हिरवं लागतं, बसस्टँडमागच्या डबक्यात पाणी हिरवंगार होतं, ते शेवाळ. त्याच्या हजारो जाती आहेत. काही समुद्रात झाडाएवढ्या लांब वाढतात. आपण बोलतोय ते सूक्ष्म शेवाळ, म्हणजे एकेक पेशीचा किंवा थोड्याशा पेशींच्या साखळीचा जीव. क्लोरेला नावाचं शेवाळ २ ते १० मायक्रोमीटरचं असतं. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड धरला, तर केसाच्या जाडीत क्लोरेलाचे सात-आठ गोळे सहज ओळीने बसतील. ही आकाराची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं गणित तिच्यावर अडणार आहे.

दुसरं नाव तुम्ही औषधाच्या दुकानात ऐकलं असेल, स्पिरुलिना. शास्त्राच्या भाषेत ती खरी वनस्पती नाही, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारा जिवाणू आहे. त्या गटाला नील-हरित शेवाळ म्हणतात. तिचे तंतू स्प्रिंगसारखे वळलेले असतात आणि लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाऊ शकते. म्हणजे क्लोरेलाच्या मानाने राक्षसच!

पाचवीच्या मुलांना मी एवढंच सांगितलं : झाडाला जे लागतं तेच याला लागतं. ऊन, पाणी, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि खत. एक किलो वाळलेलं शेवाळ तयार व्हायला साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. फरक एवढाच की याला खोड-मूळ सांभाळायचं नसतं, म्हणून सगळी ताकद वाढण्यात जाते. परिस्थिती चांगली असेल तर एका दिवसात एकाचे दोन होतात.

नालीत रोज खत वाहून जातं

हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडला, म्हणून जरा सविस्तर.

मी फळ्यावर दोन रकाने केले. डावीकडे मुलांना घरच्या खताच्या पोत्यावर काय लिहिलंय ते सांगायला लावलं. आमच्याकडची बरीचशी मुलं शेतकऱ्यांची, उरलेली रेल्वेवाल्यांची. त्यामुळे अर्ध्या वर्गाला पोतं पाठ होतं. युरियात ४६ टक्के नत्र. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. उजवीकडे नालीत काय काय जातं ते विचारलं. लघवी, शेण धुतलेलं पाणी, भांड्यांचं खरकटं, साबण, डाळ-तांदळाचं धुवण. मग विचारलं, लघवीत काय असतं? तर युरिया. शेणात आणि खरकट्यात? नत्र आणि स्फुरद. दोन्ही रकाने एकच निघाले. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हंजे आपण पोतं इकत आणायचं अन् नालीत सोडायचं?" मला याहून चांगलं वाक्य सुचलं नसतं.

शेवाळाला ही घाण दिसत नाही. त्याला खताचं पोतं दिसतं. वाळलेल्या स्पिरुलिनात साधारण ६० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनं बांधायला नत्र लागतं, म्हणून एक किलो शेवाळ पाण्यातून शंभरेक ग्रॅम नत्र ओढून घेतं.

हेच नदीत बेशिस्त घडलं तर काय होतं? आपली पूर्णा नदी उन्हाळ्यात डोहाडोहांनी उरते. (विदर्भातली तापीला मिळणारी पूर्णा वेगळी, आपली ती गोदावरीला मिळणारी. मुलांचा नकाशात नेहमी गोंधळ होतो.) अशा थांबलेल्या पाण्यात सांडपाणी गेलं की शेवाळ माजतं. दिवसा ते ऑक्सिजन सोडतं, पण रात्री स्वतःच ऑक्सिजन वापरतं. पुढे मेलं की कुजतं, कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात. म्हणून कल्पना अशी की नदीत जाण्याआधी, आपण बांधलेल्या तळ्यात हे शेवाळ वाढू द्यायचं, काढून घ्यायचं आणि मग पाणी पुढे सोडायचं.

नागपूरची तळी आणि कोलकात्याचे मासे

ही कल्पना आजची नाही. कॅलिफोर्नियात विल्यम ओस्वाल्ड आणि हॅरॉल्ड गोटास यांनी १९५७ साली सांडपाण्याच्या तळ्यात काय चालतं त्याचा हिशोब मांडला. तिथे दोघांची भागीदारी असते. जिवाणू घाण खातात, त्यांना ऑक्सिजन लागतो आणि ते कार्बन डायऑक्साइड सोडतात. शेवाळाचं उलटं. तो कार्बन डायऑक्साइड आणि सुटं झालेलं नत्र-स्फुरद ते घेतं आणि ऑक्सिजन देतं. म्हणजे बहुतेक घाण जिवाणूच खातात. शेवाळ त्यांना हवा पुरवतं. 'शेवाळ घाण खातं' असं आपण मुलांना सांगतो ते अर्धवटच आहे.

आपल्या महाराष्ट्रात याचं काम झालं नागपूरला. १९५८ साली तिथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. १९७४ पासून तिचं नाव नीरी. भारतातल्या उन्हात अशी उथळ तळी किती मोठी, किती खोल असावीत, याचं मार्गदर्शन करणारं पुस्तक सोली आर्सीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली याच संस्थेतून काढलं. विजेचे पंखे, मोटारी न लावता नुसत्या उन्हावर पाणी सुधारायचं. आपल्यासारख्या लोडशेडिंगच्या भागाला ही गोष्ट किती सोयीची आहे बघा.

पण त्या तळ्यांत एक गोष्ट राहून जाते. शेवाळ पाण्यातच राहतं. ते बाहेर काढलं नाही तर नत्र-स्फुरद गेलं कुठे? शेवाळाच्या पोटात बसून पुन्हा नदीत.

कोलकात्याच्या मच्छीमारांनी यावर आपल्या पद्धतीने तोड काढली. शहराच्या पूर्वेला साधारण १२,५०० हेक्टरचा पाणथळ भाग आहे. तिथल्या उथळ तळ्यांत शहराचं सांडपाणी घेतात, शेवाळ वाढतं आणि ते मासे खातात. शेवाळ गाळायचं काम माशांनी केलं. २००२ साली या जागेला रामसर यादीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून स्थान मिळालं. तिथे कुणी प्रयोगशाळा काढली नव्हती, पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव होता.

मोलाच्या वस्तू कोणत्या?

व्हिडिओतला 'हिरवं सोनं' हा शब्द अगदीच खोटा नाही. शेवाळातून निघणाऱ्या काही वस्तूंना चांगला भाव आहे.

स्पिरुलिनात फायकोसायनिन नावाचा निळा रंग असतो. खाण्याच्या वस्तूंना नैसर्गिक निळा रंग मिळणं फार अवघड, म्हणून त्याला मागणी. अमेरिकेत २०१३ साली गोळ्या-चॉकलेटांत स्पिरुलिनाचा रंग वापरायला परवानगी मिळाली. ड्युनॅलिएला नावाचं शेवाळ मिठागरासारख्या खारट पाण्यात वाढतं आणि त्यात गाजरातलं बीटा-कॅरोटीन भरपूर साठतं. हिमॅटोकॉकस नावाचं शेवाळ आधी हिरवं असतं. ऊन फार झालं, खत संपलं की ते स्वतःला वाचवायला लाल रंगाचा अ‍ॅस्टाझॅन्थिन साठवतं. पाळलेल्या सामन माशांचा गुलाबी रंग या पदार्थामुळे येतो. (मुलांना हे सांगितल्यावर वर्गात प्रश्न आला, "म्हंजे त्याला राग येतो का मॅडम?" तसंच समजा म्हटलं.) लहान बाळांच्या दूधपावडरीत डीएचए नावाचा स्निग्ध पदार्थ घालतात, तोही काही सूक्ष्म शेवाळांपासून मिळतो. गंमत म्हणजे डीएचए देणारं हे शेवाळ उन्हावर वाढवत नाहीत. बंद टाकीत, अंधारात, साखर खाऊ घालून वाढवतात.

स्पिरुलिना बघायला लांब जायला नको. आपल्या शेजारी बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. सहलीला बऱ्याच शाळा जातात. लोणारच्या सरोवराचं पाणी इतकं खारं आणि सोड्यासारखं आहे की त्याचा सामू म्हणजे पीएच १० च्या जवळ जातो. अशा पाण्यात बाकीचे जीव टिकत नाहीत, पण स्पिरुलिना आनंदात राहते. सरोवराचा हिरवा रंग मुख्यतः तिचाच. जून २०२० मध्ये ते पाणी अचानक गुलाबी झालं होतं, आठवतं का? तो रंग स्पिरुलिनाचा नव्हता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की खारट पाण्यात राहणाऱ्या, हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे तो आला. सहलीला जाल तेव्हा मुलांना पाण्याचा रंग आणि वास दोन्ही वहीत लिहायला लावा.

आता अडचण कुठे आहे?

वाचता वाचता मला वाटायला लागलं होतं की भाऊंना हो म्हणावं. मग एका ठिकाणी थांबले.

चांगल्या वाढलेल्या हौदातसुद्धा एका लिटर पाण्यात वाळलेल्या वजनाने अर्धा ग्रॅमच्या आसपास शेवाळ असतं. अर्धा ग्रॅम म्हणजे चिमूटभर मीठ. पाणी दिसतं हिरवंगार, पण माल चिमूटभर! तो लिटरभर पाण्यातून वेगळा काढायचा, हेच खरं काम.

स्पिरुलिना लांब असते, म्हणून ती बारीक कापडातून गाळता येते. आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठच्या बायका हेच करतात, गाळून वाळूवर पसरतात आणि वाळलेल्या वड्या आमटीसारख्या कालवणात घालतात. पण स्पिरुलिनाला लोणारसारखं सोड्याचं पाणी लागतं. त्यात गोबरगॅसची स्लरी ओतली की काय होतं? स्लरीतलं नत्र अमोनियमच्या रूपात असतं. सामू १० कडे गेला की त्यातलं बहुतेक अमोनिया वायूत बदलतं, तोच झोंबणारा वास, आणि तो जास्त झाला की शेवाळालाच मारतो. म्हणून स्लरी वापरायची तर फार थोडी, फार पातळ आणि रोज लक्ष ठेवून. प्रयोगशाळेत हे जमलेलं आहे. गोठ्याशेजारी बादलीने ओतून जमेल असं नाही.

उलट सांडपाण्यात आपोआप, दणक्यात येतात ती क्लोरेला आणि सीनडेस्मस ही शेवाळं. त्यांना घाण पाणी मानवतं. पण ती इतकी बारीक की धोतराच्या चौपदरी कापडातूनही निघून जातात. त्यांना काढायला डेअरीतल्या क्रीम सेपरेटरसारखं गरगर फिरणारं यंत्र लागतं आणि त्याला वीज लागते. नाहीतर गढूळ पाण्यात फिरवतो तशी तुरटी वापरून खाली बसवायचं, पण मग तुरटी मालात राहते.

म्हणजे जे गाळता येतं त्याला घाण सोसत नाही, आणि ज्याला घाण सोसते ते गाळता येत नाही. हे मला एका वाक्यात भाऊंना सांगायचं होतं.

साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या मनात आणखी एक प्रश्न येईल. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचं काय? एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतो. खत भरपूर, पण रंग काळा-तपकिरी, गूळ करपल्यावर येतो त्या जातीचा. त्यात ऊन शिरतच नाही, मग शेवाळ जगणार कसं? त्यामुळे आधी त्यापासून गॅस काढायचा, मग भरपूर पाणी घालून पातळ करायचा. आणि ते पाणी मराठवाड्यात आणायचं कुठून? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही.

भाऊंचं गणित, एका गुंठ्यावर

नीट सांभाळलेल्या उघड्या हौदात स्पिरुलिना दर चौरस मीटरला रोज ८ ते १० ग्रॅम मिळते असं धरूया. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे एका गुंठ्यावर चांगल्या दिवशी एक किलो वाळलेला माल. ऐकायला बरं वाटतं.

आता खर्चाची बाजू. २० सेंटिमीटर खोल पाणी धरलं तर गुंठ्याला २०,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर. स्पिरुलिनासाठी झारूक यांनी १९६६ मध्ये सांगितलेलं मिश्रण सगळीकडे वापरतात. त्यात लिटरला १६.८ ग्रॅम खायचा सोडा लागतो. २०,००० लिटरला ३३६ किलो! शिवाय इतर क्षार. रोज पाणी हलवत ठेवायचं, कारण खालच्या थराला ऊन मिळत नाही. रोज किलोभर माल काढायचा तर दोनेक हजार लिटर पाणी रोज कापडातून गाळायचं. गाळलेला लगदा त्याच दिवशी वाळवायचा, नाहीतर वास सुटतो. ३५ अंशांच्या आसपास स्पिरुलिना खूश असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि उघड्या हौदातलं पाणी किती आटतं हे पूर्णेच्या माणसाला सांगायला नको.

हे करणारे लोक आहेत, चांगलं करतात. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेने १९७० च्या दशकापासून शेवाळावर काम केलं, तमिळनाडूत मोठे व्यावसायिक हौद आहेत. पण खाण्याचा माल ते स्वच्छ पाण्यात, विकत आणलेल्या क्षारांवर वाढवतात. सांडपाण्यावर नाही.

का नाही? हा मुद्दा पालकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. शेवाळ पाण्यातून नत्र ओढतं तसं शिसं, कॅडमियम, आर्सेनिकही ओढून साठवतं. सांडपाण्यात रोगजंतू असतात. उघड्या हौदात दुसरी नील-हरित शेवाळं घुसली तर त्यांतल्या काहींचं विष यकृताला इजा करतं, आणि हिरव्या पावडरीकडे बघून ते ओळखता येत नाही. म्हणून सांडपाण्यावरचं शेवाळ तोंडात जाता कामा नये. त्याचं खत होईल, गॅस होईल, तपासणी करून रंगासारख्या वस्तू काढता येतील. 'स्लरीवर पिकवा आणि गोळ्यांच्या कंपनीला विका' या एका वाक्यातच गडबड आहे. खाण्यासाठी विकायचं तर एफएसएसएआयचा परवाना लागतो, आणि पहिला प्रश्न येणार की पाणी कुठलं.

मग सांडपाण्यावरच्या शेवाळातून पैसा कुठे सुटतो? मला जे सापडलं त्यावरून माझं मत असं झालं की आज तो पावडरीत कमी आणि स्वच्छ झालेल्या पाण्यात जास्त आहे. तमिळनाडूत राणीपेटला समुद्री शेवाळापासून अल्जिनेट काढणारा एक कारखाना आहे, स्नॅप नावाचा. त्याचं सांडपाणी आम्लधर्मी. ते उदासीन करायला रसायनं टाकायची, मग गाळ साठणार, त्याची विल्हेवाट लावायची. चेन्नईच्या व्ही. शिवसुब्रमणियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उथळ हौदात क्रूकॉकस नावाचं सूक्ष्म शेवाळ वाढवलं. शेवाळ वाढता वाढता पाण्याचा आम्लपणा कमी करतं. हे काम मोठ्या प्रमाणावर चाललं आणि २००९ साली प्रसिद्धही झालं. तिथे शेवाळ विकून कुणी श्रीमंत व्हायचं नव्हतं. गाळाचा आणि रसायनांचा खर्च वाचवायचा होता. कारखान्याला, नगरपालिकेला हे गणित जमतं. चार जनावरांच्या घराला वेगळं गणित लागतं.

आणि मुलांना गोळ्या द्याव्यात का?

हा प्रश्न मला तीन आयांनी विचारला आहे. मी डॉक्टर नाही, पण वजाबाकी येते. एक ग्रॅमच्या गोळीत ०.६ ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम. म्हणजे एका अंड्याला दहा गोळ्या. अंडं खात नसाल तर डाळ, शेंगदाणे, दूध आहेच. शाकाहारी घरांत बी-१२ साठी स्पिरुलिना देतात, पण तिच्यातलं बरचसं बी-१२ आपल्या शरीराला वापरता न येणाऱ्या प्रकारचं असतं. पैसे जास्त झाले असतील तर द्या, नाहीतर शेंगदाण्याची चटणी बरी.

वर्गात करून पाहा

साहित्य : लिटरच्या चार रिकाम्या पारदर्शक बाटल्या, बोअरचं शिळं पाणी, कापडातून गाळलेली गोबरगॅसची स्लरी, हौदातलं थोडं हिरवं पाणी. स्लरी नसेल तर शेणाचं गाळलेलं पाणी चालेल. संडासाच्या नालीचं पाणी अजिबात घ्यायचं नाही. ओतण्याचं काम शिक्षकांनीच हातमोजे घालून करावं, मुलांनी बघावं आणि नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत.

चारही बाटल्यांत बोअरचं पाणी आणि दोन-दोन चमचे हिरवं पाणी घातलं. पहिलीत बाकी काही नाही. दुसरीत एक चमचा स्लरी. तिसरीत पाऊण कप स्लरी. चौथीत पुन्हा एक चमचा स्लरी, पण ती कपाटात ठेवली. बाकी तीन खिडकीत. झाकण सैल. एकदा कुणीतरी तिसरीचं झाकण घट्ट लावलं आणि सोमवारी उघडताना जो वास आला, तो वर्ग रिकामा करायला पुरेसा होता. म्हणून सैलच.

मुलांनी आधी अंदाज लिहिले. जवळजवळ सगळ्यांनी तिसरी सर्वांत हिरवी होणार असं लिहिलं, कारण खत जास्त. झालं असं की नवव्या दिवशी दुसरी बाटली पोपटी दिसायला लागली आणि दोन आठवड्यांत गर्द झाली. पहिली जेमतेम. चौथीत हिरवं आलंच नाही. तिसरी तपकिरीच्या तपकिरी. का? मी उत्तर दिलं नाही, बाटलीमागे टॉर्च लावला. दुसरीतून उजेड आरपार आला, तिसरीतून आलाच नाही. मागच्या बाकावरचा एकजण ओरडला, "तिला ऊनच भेटलं नाही!" स्पेंट वॉशचा धडा मला वेगळा शिकवावा लागला नाही.

शेवटी दुसऱ्या बाटलीतलं पाणी रुमालातून गाळून पाहिलं. खाली पुन्हा हिरवंच पाणी आलं, रुमालावर जवळपास काही नाही. मुलं हिरमुसली. मी म्हटलं, हाच तर प्रश्न आहे, मोठमोठे शास्त्रज्ञ यावरच अडलेत. मग चिमूटभर तुरटी फिरवून ठेवली. दुसऱ्या तासाला तळाशी हिरवा थर आणि वर पाणी निवळ. उरलेलं सगळं शाळेच्या कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं.

इयत्ता तिसरी-चौथीसाठी पहिल्या दोनच बाटल्या पुरे. सहावी-सातवीच्या शिक्षकांनी सामू दाखवणारी पट्टी वापरून बघावी. भर उन्हात दुसऱ्या बाटलीचा सामू सकाळपेक्षा वर जातो, कारण शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं.

आठ दिवसांनी भाऊ आले. मी त्यांना गुंठ्याचं गणित वहीच्या पानावर मांडून दिलं आणि कंपनीला विचारायचे तीन प्रश्न लिहून दिले : खरेदीचा दर करारात लिहून देणार का, मालाची तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत आणि कुणाच्या खर्चाने होणार, आणि स्लरीवरचा माल कोणत्या परवान्याखाली विकणार. त्यांनी तिथेच, शाळेच्या व्हरांड्यातून फोन लावला. पहिल्या प्रश्नाला पलीकडचा माणूस म्हणाला की ऑफिसला या, दुसऱ्याला म्हणाला साहेबांना विचारून सांगतो. तिसरा प्रश्न होईपर्यंत फोन कट झाला. नंतर दोनदा लावला, उचलला नाही.

भाऊंनी पैसे भरले नाहीत. स्लरी पहिल्यासारखी शेतात जाते. पण जाताना त्यांनी खिडकीतली दुसरी बाटली उचलून उन्हात धरली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, "मॅडम, हे हिरवं पाणी म्हशीच्या हौदात आपोआप येतं, ते काढून कापसाला टाकलं तर चालंल का?" चालेल म्हटलं, त्यात नत्र आहेच. फक्त जनावरांना ते पाणी पाजू नका. आता दर रविवारी त्यांचा मुलगा हौद रिकामा करतो आणि किती बादल्या निघाल्या ते सोमवारी वर्गातल्या तक्त्यावर लिहितो.